लाल ठिपक्याची परीक्षा

माझी बायको मला सशा म्हणते. लग्नाआधी नावाने हाक मारायची. मग मी गॅस बंद केल्यावर पुन्हा जाऊन बघतो, कुलूप लावल्यावर लोंबकळून बघतो आणि रिकामा रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे मान वळवतो हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने माझं नवं बारसं उरकून टाकलं. मला त्याचं काही वाटत नाही. घाबरण्यात माझा हात धरणारं आमच्या नात्यागोत्यात कुणी नाही, आणि आजवर आमचं घर जळालेलं नाही की फुटलेलं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं बायको म्हणते. न भिणाऱ्याच्या पाठी कोण असतो, असं मी विचारतो. त्यावर ती मला चहा टाकायला पाठवते.

आमचं दुकान म्हणजे पुढे काउंटर आणि मागे एक खोली. मागच्या खोलीत लेझरचं मशीन आहे. स्टीलच्या पाट्यांवर आम्ही नावं आणि आकडे कोरून देतो. दारावरच्या पाट्या, टेबलावरच्या, कारखान्यात यंत्रांवर ठोकतात त्या. कोरायचं काम बायकोचं. पाट्या घासून, पॉलिश करून तोंड दिसेल अशा चकचकीत करायच्या आणि कोरून झाल्यावर पुसून बांधायच्या, हे माझं. मशीन उघडं आहे. एक खांब, खांबावर डोकं, डोक्याला खाली तोंड केलेलं भिंग, आणि त्याच्याखाली पाटी चिकटवायचं टेबल. आजूबाजूला पेटी नाही, काच नाही. पेटीचं मशीन घ्या असं मी म्हणालो होतो, पण त्यात मोठ्या पाट्या मावत नाहीत असं उत्तर मिळालं.

गिऱ्हाइकांना लेझरबद्दल फार माहिती असते आणि बहुतेक सगळी चुकीची. एकाला हवेतून जाणारी लखलखीत काठी बघायची होती. ती दिसली नाही म्हणून मशीन बिघडलंय असं तो आम्हालाच समजावत बसला. एक बाई एक्स-रेसारखं अंगात शिरतं म्हणून दुकानाच्या पायरीवरूनच बोलायच्या, पण वाकून थेट भिंगात डोकावायला मात्र एकदा धावत आत आल्या. एक शिक्षक म्हणाले, वीस वॅटचं मशीन? आमच्या न्हाणीघरातला दिवासुद्धा याहून मोठा आहे! हे वाक्य बायकोला इतकं आवडलं की पुढे येईल त्याला ती तेच सांगायला लागली.

चष्म्यांची गोष्ट इथेच सांगायला हवी. मशीनबरोबर दोन चष्मे आले होते, फिकट हिरवट, जवळजवळ साध्या काचेचे. कोरण्याआधी मशीन एक लाल ठिपका पाटीवरून फिरवतं आणि नाव कुठे येणार त्याची चौकट दाखवतं. बायकोने चष्मा चढवला, त्या ठिपक्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"हा बघ, ढळढळीत दिसतोय. हा कसला चष्मा? लेझर सरळ डोळ्यात येतोय की!"

मीही लावून पाहिला. दिसत होता. मग तिने शोधाशोध करून दुसरे दोन मागवले, गडद निळे, तोंडावर घट्ट बसणारे. ते घालून पाहिलं तर ठिपका गायब. पाटी दिसते, हात दिसतो, ठिपका नाही. तिने मशीनवर बोट आपटून सांगितलं की याला म्हणतात चष्मा, आणि फिकट चष्मे दारामागच्या खिळ्याला टांगले. त्या दिवसापासून रोज काम सुरू करताना आम्ही दोघं निळे चष्मे चढवून लाल ठिपक्याकडे बघायचो. दिसला नाही की कामाला लागायचो. आमच्यासारखी दोन-तीन दुकानं आहेत, तिथेही तिने ही परीक्षा शिकवली. मला तर ती इतकी पटली होती की मशीनची भीतीच गेली.

आता तिच्या डोळ्यांबद्दल. तिचा डावा डोळा जन्मापासून मंद आहे. त्याने तिला उजेड-अंधार आणि माणसाचा ढोबळ आकार एवढंच कळतं. लहानपणी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून मंद डोळ्याला कामाला लावायचं ठरलं होतं, पण ही पट्टी ओढून काढायची आणि आईला सापडणार नाही अशा जागी टाकायची. तेव्हा जे काही आहे ते उजव्या डोळ्यात. त्या एका डोळ्यावर ती कोरते, वाचते, स्कूटर चालवते आणि मी कुठे काय विसरलो ते खोलीच्या पलीकडून ओळखते. तो डोळा गेला तर ती आंधळी होईल. हा विचार मला लग्न झाल्यापासून अधूनमधून येतो आणि आला की मी उठून काहीतरी पुसायला घेतो.

त्या दिवशी सकाळी एका कारखान्याच्या पाट्या चालू होत्या. संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. पाटी दुहेरी चिकटपट्टीने टेबलावर चिकटवायची, पायाजवळचं पेडल दाबायचं, मशीन किणकिण करत आकडे कोरतं आणि जिथे कोरतं तिथे पांढरी ठिणगी नाचते. बायको वरून वाकून बघत होती, तिची नेहमीची सवय. मी टेबलाच्या पलीकडे उभा होतो. मधेच ठिणगी नाहीशी झाली. मशीनचा आवाज मात्र चालूच होता. मी खाली वाकून पाहिलं, तर चिकटपट्टी तापून सुटली होती आणि पाटी एका बाजूने उचलली गेली होती. बायकोने पेडलवरचा पाय काढला.

"टेप सुटली. नवीन दे."

मी दिली. पाटी पुन्हा चिकटली, काम पुढे सुरू झालं. दोन पाट्या होऊन गेल्यावर मला एकदम आठवलं. ती पाटी मी चकचकीत केली होती. उन्हात आरसा तिरका धरला की भिंतीवर कवडसा पळतो. मग पाटी तिरकी झाली तेव्हा कवडसा कुठे गेला?

"बंद कर," मी म्हणालो. "मशीन बंद कर."

"का? उंदीर दिसला?"

"पाटी उचलली होती तेव्हा तू वाकली होतीस. तो डोळ्यात गेला असेल."

तिने मशीन थांबवलं, पण ते मला उत्तर देण्यासाठी. "अरे, चष्मा होता ना! सकाळी परीक्षा घेतली की नाही आपण? आणि समजा गेला असता, तर डोळे दिपले असते, पापणी लवली असती, दुखलं असतं. मला काही झालं नाही. वीस वॅट, सशा, वीस. न्हाणीघरातला दिवा बघून कुणी आंधळा झालाय?"

या बोलण्यात कुठे चूक आहे ते मला सांगता येईना. पण माझं काळीज काही ऐकेना. मी पुढे काउंटरवर आलो आणि आमचं मशीन बसवून दिलेल्या माणसाला फोन लावला. तरुण माणूस आहे, नीट बोलतो, बायकोला ताई म्हणतो आणि मला काका. का, ते मला माहीत नाही, मी आणि बायको एकाच वयाचे आहोत.

मी त्याला सगळं सांगितलं. लाल ठिपक्याची परीक्षाही सांगितली, थोडी ऐटीतच.

तो म्हणाला, "काका, चष्मा कुठल्या प्रकाशाला अडवतो त्याचे बारीक आकडे काडीवर असतील. वाचा."

निळ्या चष्म्यावर सहाशे ते सातशे असं होतं. मग त्याने खिळ्यावरचा फिकट चष्मा आणायला सांगितला. त्यावर नऊशे ते अकराशे. मी दोन्ही वाचले. फोन कटला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"काका, मशीन बंद आहे ना?" त्याने विचारलं. "नक्की?"

मी स्टुलावर बसलो. तो हळूहळू सांगत गेला आणि मी मधे मधे प्रश्न विचारत होतो. लाल ठिपका नुसता जागा दाखवायला असतो. कोरणारा लेझर तो नव्हे. कोरणारा दुसराच, आणि तो माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही. त्याचा आकडा एक हजार चौसष्ट. फिकट चष्मा नेमका त्याला अडवतो आणि लालला जाऊ देतो, कारण तुम्हाला काम करताना ठिपका दिसायला हवा ना. निळा चष्मा लालला अडवतो आणि कोरणाऱ्याला सरळ आत सोडतो. चष्मा किती गडद आहे याचा इथे काही संबंध नाही.

"पण पापणी तरी लवली असती," मी म्हणालो.

"दिसतच नाही तर पापणी कशाला लवेल? आणि लवली तरी तोवर उशीर झालेला असतो."

"दुखलं असतं."

"डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखत नाही, काका."

"अहो, पण वीस वॅट..."

"दिवा खोलीभर उजेड सांडतो, तुमच्या डोळ्यात त्यातला चिमूटभर येतो. हा सगळा एका वाटेने जातो. शिवाय डोळ्यातलं भिंग त्याला गोळा करून पडद्यावर सुईच्या टोकाएवढ्या जागी टेकवतं. आणि तो सतत येत नाही, घाव घातल्यासारखा थांबून थांबून येतो. एकेक घाव फार मोठा असतो." मग जरा थांबून तो म्हणाला, "लागलाच असेल असं नाही. वाटेत नसेल तर काहीच नाही. ताईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तोवर एक डोळा झाकून चौकटींच्या कागदाकडे बघायला सांगा, दोन्ही उघडे असले की एक दुसऱ्याचं झाकतो. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची. कुठे रेष तुटलीय, वाकलीय, पुसलीय का ते बघायचं. काळा डाग शोधू नका. डाग दिसत नाही, मेंदू त्या जागी आजूबाजूचं भरून टाकतो."

डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर संध्याकाळी बसतात असं कळलं. मी वेळ घेतली आणि आत गेलो. बायको नवीन पाटी चिकटवत होती. मी जे ऐकलं ते सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पण मी खिळ्यावरचा चष्मा पुढे केला तेव्हा तिने तो हातातही घेतला नाही.

"ज्याच्यातून ठिपका दिसतो तो चांगला आणि ज्याच्यातून दिसत नाही तो वाईट? त्याने फोनवर सांगितलं आणि तू मान डोलवलीस? त्याच्याकडचे चष्मे सोडून मी दुसरे आणले, ते त्याला झोंबलंय."

"आकडे आहेत त्याच्यावर."

"आकडे मीही कोरते. म्हणशील तो आकडा कोरून देते." मग माझा चेहरा बघून ती जरा नरमली. "हे बघ, एक डोळा दुसऱ्याचं झाकतो म्हणालास ना? माझ्यात झाकणारा कोण आहे? डाव्याला तू सुद्धा नीट दिसत नाहीस, ते त्याचं नशीब. उजव्याला काही झालं असतं तर मला आत्ता कळलं असतं."

हे मात्र मला पटण्यासारखं होतं आणि तरीही पटेना. मेंदू त्या जागी आजूबाजूचं भरून टाकतो, हे वाक्य डोक्यातून जात नव्हतं. शेवटी तडजोड झाली. ती चौकटींची परीक्षा देईल. काही निघालं तर संध्याकाळची वाट न बघता आत्ता उठून मोठा दवाखाना. नाही निघालं तर मी तोंड मिटून पाट्या पुसायच्या आणि ती राहिलेलं काम संपवणार.

चौकटींचा कागद शोधायची गरज पडली नाही. मशीनचं भिंग सरळ रेषा काढतंय का हे बघायला आम्ही एका काळ्या पत्र्यावर पांढऱ्या चौकटी कोरून ठेवल्या होत्या, बरोबर मधे एक ठिपका. तो पत्रा मी खिडकीजवळ धरला. तिने तळहाताने डावा डोळा झाकला आणि ठिपक्याकडे बघायला लागली.

मी तिच्या उजव्या डोळ्याकडे बघत होतो. तो किंचित हलत होता, पुन्हा मधे येत होता. पत्रा हलू नये म्हणून तिने माझं मनगट धरलं आणि बघत राहिली. माझा जीव टांगणीला लागला होता. दवाखान्यातून हिचा हात धरून बाहेर पडायचं, तिला पायरी सांगायची, ताटातलं कुठे काय आहे ते सांगायचं, हे सगळं मी तेवढ्या वेळात करून आलो.

"एक रेष..." ती म्हणाली.

"काय? काय झालं रेषेला?"

"वरून तिसरी. हलकी उठलीय. भिंग खाली-वर झालं असणार त्या वेळी. बाकी सगळं झकास."

"तुटलेली? वाकलेली?"

"काही नाही. सगळ्या सरळ. ठिपका ठिपक्याच्या जागी." तिने हात काढला आणि माझ्या गालावर चापट मारली. "पडला जीव भांड्यात? का अजून तरंगतोय?"

मला रडूच आलं. मी तोंड फिरवलं. तिने पत्रा माझ्या हातातून घेतला आणि माझ्यासमोर धरला. "आता तू बघ. नाहीतर रात्री उठून म्हणशील, माझं राहिलंच."

मी हसत हसत उजवा डोळा झाकला. ठिपका होता, चौकटी होत्या. मग डावा झाकला.

ठिपका नव्हता. मला वाटलं मी चुकीच्या जागी बघतोय. नजर जरा बाजूला नेली तर कडेला ठिपका आला, नजर त्याच्यावर नेली की गेला. तिथे काळं काही नव्हतं. पांढरं नव्हतं. काहीच नव्हतं, आणि आजूबाजूच्या रेषा त्या काहीच नसलेल्या जागेकडे ओढल्यासारख्या वाकल्या होत्या. मी झाकलेला हात काढला. सगळं जागेवर आलं, ठिपकासुद्धा. पुन्हा झाकला. पुन्हा गेला.

मी समोर उभा होतो. पाटी उचलली ती माझ्या बाजूने तोंड करून, आणि मी वाकून थेट तिच्यात बघितलं होतं.

पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला बरं वाटलं. हिचा एकच आहे, माझे दोन आहेत. गेला तो माझा गेला. एवढं मनात येऊन गेल्यावर भीती आली, आणि तसली भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आजवर घाबरत आलो ते होऊ शकणाऱ्या गोष्टींना. हे झालेलं होतं.

"काय रे? दिसतंय ना?"

"दिसतंय," मी म्हणालो.

आता विचारलंत तर का म्हणालो ते नीट सांगता येणार नाही. चष्मे तिने आणले होते. परीक्षा तिने शोधली होती. हे तिला कळलं तर ती जन्मभर उरात घेऊन फिरेल, हे मला दिसत होतं. आणि तोंडाने बोललं की ते खरं होईल, असंही वाटत होतं. संध्याकाळी एकटाच जाऊन दाखवून येऊ, असं मी ठरवलं.

"चला, सशाची परीक्षा पास," ती म्हणाली. तिने पत्रा ठेवला, नवीन पाटी चिकटवली, कोपरे दाबले. गळ्यातला निळा चष्मा वर ओढून डोळ्यांवर बसवला. मशीनने लाल ठिपका पाटीवरून फिरवायला सुरुवात केली. चष्म्यातून तो दिसत नाही याची खात्री करून तिने मान हलवली, आणि उजवा डोळा पुढे करून ती नेहमीसारखी वाकली. तिचा पाय पेडलकडे सरकला.

"थांब!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की पुढच्या रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून आत बघायला लागला. बायकोने पाय मागे घेतला.

"आता काय?"

"पाय काढ तिथून. लांब हो." मी भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं. मशीनचा पंखा फिरत फिरत थांबला. "लागलंय. मला लागलंय. मघाशी खोटं बोललो."

"काहीतरीच बोलू नकोस." ती हसायला गेली, पण तिच्या लक्षात आलं असावं की मी असल्या गोष्टींची थट्टा करत नाही. तिने चष्मा काढला. "कुठला?"

"उजवा. ठिपका दिसत नाही."

"नीट बघितलं नसशील. तू घाबरलास की तुला काहीही होतं. माझ्याकडे बघ. डावा झाक आणि माझ्याकडे बघ. काय दिसतंय सांग."

मी डावा डोळा झाकला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"केस दिसतात," मी म्हणालो. "कान दिसतो. खांदे दिसतात, हातातला चष्मा दिसतो." "तू दिसत नाहीस."

ती जवळ आली, माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि माझ्या उजव्या डोळ्यात बघायला लागली. इतक्या जवळून की तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"काही नाहीये रे," ती म्हणाली. "स्वच्छ आहे. मला काहीच दिसत नाही." आणि मग पुन्हा, बारीक आवाजात, "कुठे आहे? दाखव ना मला, कुठे आहे?"

मी डाव्या डोळ्यावरचा हात काढला. माझी बायको घाबरलेली कशी दिसते, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.